पाहिलं, ऐकलं, वाटलं

‘मला माहीत नाही’ हे वाक्य इतक्या आनंदानं म्हणणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे वाक्य सहसा कुणी तोंडातून काढत नाही. ‘बघून सांगतो’, ‘टीमशी बोलून कळवतो’ असं म्हणून माणसं वेळ मारून नेतात. बनकरबाई मात्र भर मीटिंगमध्ये चष्मा कपाळावर सरकवून ‘मला माहीत नाही’ म्हणायच्या आणि त्यांचा चेहरा असा खुलायचा, की आता कुठे खरं काम सुरू झालं असं वाटावं.

हडपसरच्या एका आयटी पार्कमधल्या आमच्या कंपनीत त्या नेटवर्कचं काम पाहायच्या. मी यवतमाळहून पुण्यात आले ती याच कंपनीत, टेस्टर म्हणून. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम चालवून बघायचे आणि ते कुठे मोडतात ते सांगायचं, हे माझं काम. मी तेव्हा चोविशीची होते, बाई पन्नाशी ओलांडून बऱ्याच पुढं गेलेल्या. ऑफिसात सगळ्यांनी एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारायची असा नियम होता. आमचे मॅनेजर संजीव यांनी नव्या उत्साहात एकदा त्यांना ‘लता’ अशी हाक मारली. बाईंनी वळूनही पाहिलं नाही. दुसऱ्यांदा मारली, तरी नाही. मग शेजारच्यानं खुणावलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘मला म्हणताय होय? लता म्हणणारी माणसं आता राहिली नाहीत, त्यामुळं सवय मोडली.’’ त्या दिवसापासून त्या सगळ्यांच्या बनकरबाई झाल्या. नियम बाकीच्यांना लागू राहिला.

नेसायला सुती साडी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट आणि भर मे महिन्यात अंगात बाह्यांचा स्वेटर. सर्व्हर ठेवलेल्या खोलीत गारठा असतो म्हणून. मनगटावर पुरुषी घड्याळ. बाराच्या ठोक्याला डबा उघडायच्या. भाकरी, एखादी पालेभाजी, ठेचा. आम्ही दीड वाजता कँटीनमध्ये रांग लावायचो तेव्हा त्यांचा डबा घासून पालथा पडलेला असायचा.

त्या मूळच्या हडपसरच्याच. हडपसर गाव होतं तेव्हापासूनच्या. आमच्या इमारतीच्या खिडकीतून खाली पार्किंगकडे बघत एकदा म्हणाल्या, ‘‘इथं फुलकोबी यायची. चांगली यायची.’’ मला वाटलं आता हळहळतील. पण त्यांना प्रश्न पडला होता तो निराळाच. फुलकोबीला लागायचं ते पाणी इथं उताराविरुद्ध यायचं, ते कसं आणलं होतं? वडिलांना विचारायचं राहून गेलं म्हणाल्या. पुढं आठवडाभर जेवण झालं की त्या पार्किंगच्या कडेकडेनं फिरून जमिनीचा उतार बघत होत्या. वॉचमननं शेवटी मला विचारलं, ‘‘मॅडमचं काही हरवलंय का?’’

मॅट्रिक झाल्यावर त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागल्या होत्या, मग खात्याच्या परीक्षा देत देत एक्स्चेंजमध्ये तंत्रज्ञ झाल्या. जुन्या एक्स्चेंजमध्ये प्रत्येक फोन जोडताना खटक्यांचा आवाज व्हायचा. कुठला खटका अडकला हे त्या म्हणे डोळे मिटून सांगायच्या. मग इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आलं आणि हॉल गप्प झाला. बाकीच्यांना बरं वाटलं. बाईंना मात्र आत काय चाललंय ते कळेना, आणि ते कळल्याशिवाय त्यांना बरं वाटेना. म्हणून शेचाळिसाव्या वर्षी त्यांनी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन कॉम्प्युटर नेटवर्क शिकून घेतलं आणि कायमची सरकारी नोकरी सोडून त्या या नव्या कंपनीत आल्या. घरात केवढा गहजब झाला असेल याची कल्पना मला यवतमाळच्या घरावरून करता येते. त्यांचे यजमान कारखान्यात फिटर होते. दोन दिवस ते रोजच्यासारखे कामावर जाऊन आले. तिसऱ्या दिवशी एवढंच विचारलं, ‘‘तिथं खुर्ची तरी फिरती आहे का?’’

बाईंच्या टेबलावर एक दोनशे पानी वही असायची. प्रत्येक पानावर पट्टीनं आखलेले तीन खाने : पाहिलं, ऐकलं, वाटलं. कुणी तक्रार घेऊन आलं, की त्या माणसाचं बोलणं ऐकत ऐकत एकेक गोष्ट त्या त्या खान्यात टाकायच्या. ‘सर्व्हर बंद पडलाय’ असं कुणी धावत येऊन सांगितलं, की पहिला प्रश्न, ‘‘कुणी पाहिलं?’’ बहुतेक वेळा कुणीच पाहिलेलं नसायचं. कुणाला तरी कुणीतरी सांगितलेलं असायचं. आमच्या कंपनीतल्या हुशार हुशार माणसांची बहुतेक वाक्यं तिसऱ्या खान्यात जाताना मी पाहिली आहेत. त्यात त्यांचा कुजकटपणा नव्हता. स्वतःची वाक्यंही त्या तिथंच टाकायच्या.

टेलिफोन खात्यातली एक हकिकत त्या सांगायच्या. बुधवार पेठेत रेडिओच्या सुट्या भागांचं एक दुकान होतं, दोन भावांचं. भावाभावांचं बिनसलं आणि दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. दोघांचे फोन वेगळे. आपल्याकडे येणारे फोन दुसऱ्या नंबरावर वळवायची सोय तेव्हा नुकतीच आलेली. थोरला लग्नाला गावी गेला, जाताना त्यानं आपले फोन धाकट्याकडं वळवले. चार दिवस भावाची गिऱ्हाइकं सांभाळून धाकटा कंटाळला, त्यानं आपले फोन थोरल्याकडं वळवले. झालं. कुणीही फोन केला की एंगेज. थोरला गावाहून परतला तरी तेच. लाइनमन तीनदा येऊन वायर बदलून गेला. बाई आपलं टेबल सोडून स्वतः दुकानात गेल्या, दोघांच्या मधल्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या आणि एकेकाला विचारलं, की तुमचा फोन आता कुठं जातोय? दोघांनी प्लायवूडकडं बोट दाखवलं.

‘‘मग भाऊ बोलायला लागले का एकमेकांशी?’’ मी विचारलं होतं.

‘‘मला माहीत नाही. फोन लागायला लागले.’’

आमच्यावर जो प्रसंग आला तो मी कंपनीत रुळल्यावरचा. नर्सिंगच्या प्रवेशाचं काम पाहणाऱ्या एका संस्थेची वेबसाइट आम्ही चालवायचो. मुलींनी त्यावर अर्ज भरायचे. तेव्हा सगळ्यांच्या घरी इंटरनेट नव्हतं, मुली गावातल्या सायबर कॅफेत जाऊन अर्ज भरत. त्या वर्षी अर्ज खूप येणार म्हणून आम्ही एका सर्व्हरच्या जागी चार केले आणि त्यांच्यापुढं एक यंत्र बसवलं. लोड बॅलन्सर म्हणतात त्याला. सगळी गर्दी आधी त्याच्याकडं येते आणि तो ती चौघांत वाटून देतो. वाटेत कुणी वाचू नये म्हणून मुलींची माहिती सांकेतिक करून बंद पाठवली जायची. ते कुलूप याच यंत्रापाशी उघडायचं आणि तिथून पुढं, आमच्या आतल्या जाळ्यात, माहिती साध्या रूपात सर्व्हरकडं जायची. हे यंत्र बसवलं बनकरबाईंनी.

त्याच आठवड्यात शैलेशनं प्रोग्राममध्ये एक नियम घातला. शैलेश ढोबळे हा वर्ध्याचा मुलगा, माझ्यानंतर सहा महिन्यांनी लागलेला, कामाला चोख आणि बोलायला लाजरा. नियम असा, की कुणी साध्या, उघड्या रस्त्यानं आलं तर त्याला परत पाठवायचं आणि सांगायचं, बंद रस्त्यानं ये. नियम बरोबरच होता. संस्थेनंच तशी अट घातली होती. शैलेशनं लिहिला, मी तपासला आणि ‘चालतं’ म्हणून शेरा मारला.

सोमवारी सकाळपासून संस्थेचे फोन सुरू झाले. साइट उघडत नाही. कॉम्प्युटर म्हणतो, हे पान सारखं दुसरीकडे पाठवतंय. आमच्याकडे तर व्यवस्थित उघडत होतं. अर्ज भरायला गुरुवारपर्यंतची मुदत होती.

संजीव यांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं आणि विचारलं, शेवटचा बदल कुणी केला? शैलेशनं हात वर केला. माणूस असा स्वतःहून हात वर करतो तेव्हा बाकीच्यांना किती हलकं वाटतं, ते मी त्या दिवशी अनुभवलं. नियम काढून टाक, संजीव म्हणाले. शैलेशनं काढला. तरी तासाभरानं संस्थेचा फोन आला, की काही ठिकाणी अजून तेच होतंय. आता संजीवचा आवाज चढला. नियमाच्या निमित्तानं तू आणखी काय काय मोडून ठेवलंस, असं त्यांनी शैलेशला सगळ्यांदेखत विचारलं. शैलेश मान खाली घालून कीबोर्डाकडे बघत राहिला.

कोपऱ्यातून बाईंनी विचारलं, ‘‘ते पान न उघडताना कुणी पाहिलंय?’’

कुणीच पाहिलं नव्हतं. बाईंनी स्वेटर काढून खुर्चीला अडकवला आणि मला म्हणाल्या, ‘‘चल गं. गावात जाऊन बघून येऊ.’’

आम्ही रिक्षानं जुन्या हडपसरात गेलो. एका गल्लीत पिठाच्या गिरणीला लागून सायबर कॅफे होता, पाच-सहा कॉम्प्युटरचा. तिथं एक मुलगी आणि तिचे वडील बसले होते. सासवडच्या बाजूच्या कुठल्याशा गावाहून आले होते. मुलीच्या मांडीवर मार्कशीटची प्लास्टिकची फाइल होती. कालही येऊन गेलो, वडील म्हणाले. बाई त्यांच्या शेजारी स्टुलावर बसल्या आणि मुलीला म्हणाल्या, तू काल काय केलंस ते मला जसंच्या तसं करून दाखव. मुलीनं पत्ता टाइप केला. पान पांढरं राहिलं, वरचं चक्र फिरत राहिलं, मग तो संदेश आला. बाईंनी वहीत पहिल्या खान्यात लिहून घेतलं. मग शेजारच्या कॉम्प्युटरवर तिला तेच करायला लावलं. तिथं पान झटक्यात उघडलं.

एकाच दुकानात, एकाच तारेवर, एका कॉम्प्युटरवर पान उघडतंय आणि दुसऱ्यावर नाही. मी एक पाऊल मागं सरले. बाई मात्र पुढं सरकून बसल्या.

‘‘गंमत हाय,’’ त्या म्हणाल्या. कामात पुरत्या बुडाल्या की त्यांच्या तोंडात गावचं बोलणं यायचं. ‘‘ह्याला काहीतरी आठवतंय, आणि त्याला नाही.’’

कॅफेच्या मालकानं सांगितलं, की पहिल्या कॉम्प्युटरवर काल तीन मुलींनी हीच साइट उघडायचा प्रयत्न केला होता. दुसऱ्यावर अजून कुणी केला नव्हता. बाईंनी तिथूनच शैलेशला फोन लावला आणि विचारलं, तुझा नियम परत पाठवताना नेमकं काय सांगतो? शैलेश म्हणाला, ‘कायमचा बदल’ असं सांगतो. म्हणजे पहिल्या कॉम्प्युटरनं ते कालच मनाशी पक्कं धरलं होतं. आता नियम काढला तरी तो आम्हाला विचारायलाच येत नव्हता, स्वतःच्या आठवणीतल्या आठवणीत गोल फिरत होता. बाईंनी मालकाला त्याची साठवण पुसायला लावली आणि तिथंही पान उघडलं.

एक गोष्ट कळली होती, पण मूळ गोष्ट बाकी होती. बंद रस्त्यानं आलेल्या मुलीला आमचा सर्व्हर परत का पाठवत होता?

तोवर मुलगी दुसऱ्या कॉम्प्युटरवर अर्ज भरायला लागली होती. दोन पानं भरून झाली, तिसऱ्यावर दहावीचे मार्क घालून तिनं बटण दाबलं आणि पुन्हा तोच संदेश आला. मी ऑफिसला फोन केला. संस्थेनं अट मोडल्याबद्दल संजीवना झापलं होतं, म्हणून त्यांनी नियम परत घालायला लावला होता. मुलीनं आमच्याकडं पाहिलं. वडिलांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

बाईंनी त्यांना विचारलं, शेवटची एसटी किती वाजता आहे? सहाची, ते म्हणाले. बाईंनी वहीचं पान फाडून त्यावर आमच्या ऑफिसचा पत्ता लिहिला. ‘‘मी चारपर्यंत येते. नाही आले तर तुम्ही इथं या आणि मला खाली बोलवा. बनकर म्हणून सांगा. अर्ज भरल्याशिवाय तुम्हाला आज पाठवत नाही.’’

परत आल्यावर त्यांनी मला आणि शैलेशला छोट्या मीटिंगच्या खोलीत नेलं. जाताना स्टेशनरीच्या कपाटातून पाकिटांचा एक गठ्ठा घेतला. मला टेबलाच्या एका टोकाला बसवलं, शैलेशला दुसऱ्या. स्वतः मध्ये उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आता डोक्यानं विचार करायचा नाही, जे यंत्र करतं तेवढंच करायचं. मी कॅफेतली मुलगी. शैलेश आतला सर्व्हर. मधलं यंत्र त्या स्वतः.

मी कागदावर लिहिलं, ‘पान द्या.’ कागद पाकिटात घातला, चिकटवला आणि बाईंना दिला. बाईंनी पाकीट फाडलं, टोपलीत टाकलं आणि आतला कागद शैलेशपुढं ठेवला.

‘‘तुझा नियम काय सांगतो?’’

‘‘कागद उघडा आला,’’ शैलेश म्हणाला. ‘‘पाकिटात घालून आण असं सांगून परत.’’

मी तो कागद पुन्हा पाकिटात घातला. बाईंनी पुन्हा पाकीट फाडलं, टोपलीत टाकलं, कागद शैलेशपुढं ठेवला. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या वेळी मी पाकीट चिकटवता चिकटवता शैलेशकडं पाहिलं, तो माझ्याकडं बघत होता. आम्हा दोघांनाही कळलं होतं आणि बोलायचं धाडस होत नव्हतं. बाईंनी तिसरं पाकीट फाडलं. ते टोपलीत टाकणारा हात मध्येच थांबला. त्या टोपलीत पडलेल्या दोन पाकिटांकडं बघत राहिल्या.

‘‘पाकीट मी फाडते,’’ त्या सावकाश म्हणाल्या. ‘‘फाडायचंच आहे, ते माझं कामच आहे. पण ह्याला सांगायला पाहिजे ना, की आलं तेव्हा ते पाकिटात होतं.’’

त्या खाली बसल्या आणि खूश होऊन हसल्या. चूक सापडली, ती स्वतःची निघाली, आणि बाई हसत होत्या. हे मला आजही नीट समजलेलं नाही.

पुढचं काम अर्ध्या तासाचं होतं. प्रत्येक मागणीबरोबर ‘ही बंद रस्त्यानं आली होती’ अशी एक ओळ पुढं पाठवायची, हे बाईंनी मधल्या यंत्रात घातलं. ती सोय त्यात होतीच, पण चालू करायची राहिली होती. शैलेशनं नियमात बदल केला, की कागद उघडा आला तरी आधी ती ओळ वाचायची. बाईंनी त्याला बजावलं, ‘‘ओळ कुणी लिहिली ते आधी बघायचं. उद्या रस्त्यावरचं कुणीही तशी ओळ लिहून आणेल. माझ्या यंत्राकडून आली तरच मानायची.’’ आणि तो ‘कायमचा’ शब्दही काढायला लावला. खात्री होईस्तोवर ‘तात्पुरता’ म्हणायचं.

चार वाजून गेले होते. आम्ही निघालो तेव्हा ते बापलेक आमच्या इमारतीच्या फाटकाशी, वॉचमनच्या खुर्चीजवळ उभे होते. बाईंनी त्यांना आमच्याच रिक्षात घेतलं. कॅफेत मुलीनं अर्ज पहिल्यापासून भरला. बाई मागं उभ्या राहून पडद्याकडं बघत होत्या, प्रत्येक बटणाला ओठ हलवत. शेवटचं पान छापून निघालं तेव्हा वडिलांनी ते दोन्ही हातांनी धरलं आणि वाळेपर्यंत घडी घातली नाही. त्या मुलीला प्रवेश मिळाला की नाही, आम्हाला कधी कळलं नाही. बाईंनी तिचं नावही विचारलं नव्हतं.

बुधवारी संस्थेचे लोक यायचे होते. त्यांना लेखी अहवाल हवा होता आणि अहवालात जबाबदार माणसाचं नाव हवं होतं. संजीव यांनी मजकूर तयार करून आणला. ‘शैलेश ढोबळे यांनी पुरेशी चाचणी न करता बदल केल्यामुळे’ अशी सुरुवात होती. शैलेश अजून कायम झाला नव्हता. त्या वाक्याचा अर्थ काय होणार, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

बाईंनी कागद वाचला. संजीवना विचारलं, ‘‘हे तुम्ही पाहिलंत, ऐकलंत, का तुम्हाला वाटलं?’’

संजीव म्हणाले, बाई, आता वेळ नाही.

बाईंनी ते वाक्य पेनानं खोडलं. खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं : ‘यंत्र बसवताना आवश्यक ओळ पुढे पाठवण्याची सोय मी चालू केली नाही. – ल. द. बनकर.’ त्याखाली दोन ओळींची जागा मोकळी सोडली आणि कुणाकडंही न बघता कागद शैलेशकडं सरकवला. शैलेशनं लिहिलं, की खात्री होण्याआधी ‘कायमचा’ शब्द वापरला ही माझी चूक. मग त्यानं कागद माझ्याकडं दिला.

माझी चूक मला माहीत होती. मी ते पान तपासलं होतं ऑफिसातूनच, थेट सर्व्हरच्या आतल्या पत्त्यावर, मधलं यंत्र टाळून. सोपं पडायचं म्हणून. बाहेरून एकदा जरी उघडून पाहिलं असतं, तरी सोमवार उजाडायच्या आत सगळं कळलं असतं. मोकळी ओळ माझ्यासाठी होती. मी कागद हातात घेतला, वाचल्यासारखं केलं आणि संजीवकडं दिला.

शैलेश कायम झाला. अहवालात नावं दोन होती आणि त्यातलं पहिलं बाईंचं होतं, त्यामुळं संस्थेच्या डोळ्यांपुढं तेच राहिलं. बाई तेव्हा अठ्ठावन्न उलटून वर्षावर्षाच्या करारावर होत्या. मार्चमध्ये त्यांचा करार पुढं वाढवला गेला नाही. त्या अहवालामुळं, असं कुणी म्हणालं नाही.

मी त्यांना माझी गोष्ट सांगितली ती त्यांच्या शेवटच्या आठवड्यात. त्या टेबलाचा खण आवरत होत्या. मी खूप वेळ घोटाळून बोलून टाकलं.

‘‘ठाऊक आहे मला,’’ बाई म्हणाल्या. ‘‘कुणी कुठल्या पत्त्यावरून पान उघडलं ते सर्व्हरवर लिहिलेलं असतं. मी त्याच दिवशी पाहिलं होतं.’’

‘‘मग तुम्ही बोलला का नाहीत?’’

‘‘तुझी ओळ मी कशी लिहिणार?’’ त्यांनी खण बंद केला. ‘‘आता बाहेरून तपासतेस ना?’’

मी हो म्हटलं. ते खरं होतं. शैलेश पुढं हैदराबादला गेला, मी आणखी दोन कंपन्या बदलल्या, पण आजतागायत मी एकही पान आतून तपासून पुढं पाठवलेलं नाही. ज्यांना मी आता शिकवते त्यांना हे विचित्र वाटतं. कारण विचारलं तर मी सांगते, पण पाकिटं काढून दाखवल्याशिवाय पटत नाही कुणाला.

बाईंच्या वह्या ऑफिसातच राहिल्या. कामाच्या वह्या, त्या घरी कशाला नेऊ, म्हणाल्या. पुढं आमचं ऑफिस वरच्या मजल्यावर गेलं, तेव्हा त्या वह्या कुठं गेल्या ते मी चौकशी करूनही कळलं नाही.

त्यानंतर त्यांना मी एकदाच पाहिलं. चारेक वर्षांनी मंडईत. दसऱ्याच्या आदल्या दिवसाची गर्दी होती, झेंडूचे ढीग लागलेले. एका भाजीवालीच्या गाळ्यापुढं रांग अडली होती आणि मागची माणसं पुटपुटत होती. पुढं होऊन पाहिलं तर बनकरबाई. केस पुरते पांढरे झालेले, हातात कापडी पिशवी. भाजीवालीकडं नवा इलेक्ट्रॉनिक काटा आला होता. तिनं त्यावर रिकामं घमेलं ठेवलं, एक बटण दाबलं, आकडा शून्य झाला, आणि ती घमेल्यात वांगी टाकायला लागली.

‘‘थांबा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘घमेलं तर तिथंच आहे. मग त्याचं वजन हा विसरला कसा?’’

‘‘मावशी, वांगी घ्यायची का न्हाई?’’

‘‘घ्यायचीत. अर्धा किलो. पण विसरला का बाजूला ठेवलं, ते एकदा बघू द्या.’’

मला हाक मारायची होती. तेवढ्यात भाजीवालीचा हात थांबला. तिनं वांगी परत ढिगावर टाकली, रिकामं घमेलंही काट्यावरून उचललं आणि आकड्याकडं पाहिलं. तिथं उणे चिन्ह घेऊन घमेल्याचं वजन दिसत होतं. हे तिनं बहुधा रोज पाहिलं असेल. आता तिनं बाईंकडं पाहिलं, घमेलं पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं. बाई चष्मा कपाळावर सरकवून गाळ्यावर वाकल्या. दोघींची डोकी त्या लाल आकड्यांवर जवळजवळ टेकली होती, आणि मागची रांग वाढत चालली होती.